एका सहीची सनद

१९४६ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला होता. कर्णधार होते पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान. संघात विजय मर्चंट, विजय हजारे, विनू मांकड, लाला अमरनाथ, मुश्ताक अली, रूसी मोदी अशी नावे होती. महाराष्ट्राचे सदू शिंदे होते (शरद पवारांचे सासरे म्हणून ते आता अधिक माहीत आहेत), रंगा सोहोनी होते. आणि लाहोरचे दोन तरुण होते, गुल मोहम्मद आणि अब्दुल हफीझ.

या संघाच्या सह्यांचा कागद उद्या कुणी माझ्यापुढे ठेवला तर मी आधी मर्चंट किंवा मांकड शोधणार नाही. मी अब्दुल हफीझ शोधेन. कारण त्या दौऱ्याच्या धावफलकांवर त्यांचे नाव 'अब्दुल हफीझ' असेच छापलेले आहे. दौऱ्यानंतर ते ऑक्सफर्डला शिकायला राहिले, पुढे अब्दुल हफीझ कारदार झाले, आणि १९५२ मध्ये पाकिस्तानचा पहिला कसोटी संघ घेऊन भारतात आले ते 'ए. एच. कारदार' म्हणून. तेव्हा १९४६ च्या कागदावर ठसठशीत 'ए. एच. कारदार' अशी सही असेल तर विकणाऱ्याला प्रश्न विचारावाच लागतो. तेवढ्यावरून कागद खोटा ठरत नाही, घराण्याचे नाव आधीही त्यांचेच होते. पण उत्तर देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

फाळणीने माणसे हलली तशी नावेही हलली. गुल मोहम्मद यांनी १९४७ साली बडोद्याकडून खेळताना हजाऱ्यांबरोबर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ५७७ धावांची भागीदारी केली, आणि १९५६ मध्ये तेच कराचीत पाकिस्तानकडून कसोटी खेळले. अमीर इलाहींचेही तसेच, एक कसोटी भारताकडून, मग पाकिस्तानकडून. दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले हे तिघेच. त्यांची सही कोणत्या वर्षाची, कोणत्या देशाच्या कागदावरची, हे पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल काही बोलता येत नाही.

पतौडींचा घोळ वेगळाच आहे. बाप कर्णधार, मुलगाही कर्णधार, आणि नाव एकच. वडील ५ जानेवारी १९५२ रोजी पोलो खेळताना वारले. त्या दिवशी मुलगा अकरा वर्षांचा झाला होता. तो मुलगा म्हणजे टायगर, मन्सूर अली खान. १९७१ मध्ये संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे गेले, त्यानंतर धावफलकावर त्याचे नाव 'मन्सूर अली खान' असे येऊ लागले. म्हणजे नुसते 'पतौडी' लिहिलेले दिसले की ते कुणाचे, कधीचे, हा प्रश्न आधी सोडवायचा. भाव नंतर.

हे सगळे माझ्या डोक्यात असण्याचे कारण आमच्या भोसरीत आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा, मुलगा म्हणजे आता तिशी ओलांडलेला, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. तो मराठी माध्यमाचा, माझ्या मराठीच्या शिकवणीला येत असे. एका रविवारी मोबाईल घेऊन आला. "टीचर, ही बॅट बघा. १९४६ च्या अख्ख्या टीमच्या सह्या. अडतीस हजार म्हणतो. सर्टिफिकेटपण देतोय." पैसे अजून दिले नव्हते.

फोटो मोठा करून पाहिला. सोळा सह्या, एकाच काळ्या मार्करने, एकाच आकारात, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, वर्गातल्या मुलांना रांगेत उभे करावे तशा. खऱ्या बॅटवर असे नसते. एखादा घाईत असतो, एखादा मोठ्ठी सही करून दुसऱ्याची जागा खातो, कुणी उलट्या बाजूने बॅट धरून लिहितो. शिवाय पेन. मार्कर बाजारात आला १९५० च्या दशकात, आणि बारीक टोकाचा फेल्ट पेन १९६० च्या दशकात. थोरले पतौडी १९५२ च्या जानेवारीत गेले. मग त्या पेनाने सही केली कुणी? आणि हो, बॅटवर 'ए. एच. कारदार'ही होते.

त्याला मी त्याच्याच भाषेत सांगितले. वर्कशॉपमध्ये भोक मापायला प्लग गेज असते, त्याच्या एका टोकाला 'गो', दुसऱ्याला 'नो-गो'. नो-गो टोक आत गेले की माल रिजेक्ट, पुढे चर्चा नाही. पेन, शाई, कागद, नाव, मृत्यूची तारीख ही सगळी नो-गो टोके आहेत. ती खोटे पकडतात. पण नो-गो आत गेले नाही म्हणून माल पास होतो का? नाही. सहीचेही तसेच. १९४४ च्या पानावर बॉलपेन दिसले तर ते पान खोटे, कारण बॉलपेन अमेरिकेतसुद्धा दुकानात विकायला आले ते १९४५ च्या ऑक्टोबरात. पण शाई जुनी आहे एवढ्याने सही खरी ठरत नाही. जुना कागद आणि जुनी शाई खोटे लिहिणाऱ्यालाही मिळते.

या धंद्यात किती खोटे चालते याचा एक मोठा हिशेब अमेरिकेत झाला. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवली. ग्रेग मॅरिनो नावाचा माणूस कॅलिफोर्नियात बसून बेसबॉलच्या चेंडूंवर वाटेल त्या खेळाडूच्या सह्या हुबेहूब करीत होता. हाव इतकी वाढली की जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची 'सही' असलेले बेसबॉलसुद्धा निघाले! आणि यातल्या मालाबरोबर अस्सलपणाची प्रमाणपत्रे होती. प्रमाणपत्र छापायला सही करण्यापेक्षाही कमी कसब लागते.

इथे माझ्या या विद्यार्थ्याने मलाच शिकवले. म्हणाला, "टीचर, आमच्याकडे स्टीलचा बार येतो ना, त्याच्यासोबत टीसी येते, टेस्ट सर्टिफिकेट. पण नुसती टीसी बघून मी माल घेत नाही. बारवर हीट नंबर पंच केलेला असतो, तो टीसीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर ती टीसी दुसऱ्याच कुठल्या तरी बारची." मग त्याने बॅटच्या प्रमाणपत्राचा फोटो पुन्हा पाहिला. त्यावर लिहिले होते की ही बॅट अस्सल आहे. कोणती बॅट, कुणाकडून आली, कुणी कुठे सह्या घेतल्या, एक अक्षर नाही. बॅट त्याने सोडून दिली. आमचा चहा निवला होता, तो पुन्हा गरम केला.

आता हस्ताक्षराकडे येऊ, कारण लोकांना वाटते की खरी परीक्षा तिथेच होते. थोडी होतेही. खरी सही ही लिहिलेली असते, खोटी काढलेली असते. वेगाने लिहिणाऱ्याच्या रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणाऱ्याची रेघ मध्येच थबकते, पेन उचललेले दिसते, वळणावर थरथर येते. दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नका, त्यातली एक गिरवलेली आहे. कारण कुणीही माणूस दोनदा अगदी सारखी सही करीत नाही. बॅटवर किंवा मासिकाच्या पानावर छापलेली सही तर भिंगाखाली लगेच कळते. शाई कागदाच्या धाग्यात झिरपलेली नसते, पेनाचा दाब नसतो, अनेकदा छपाईचे ठिपके दिसतात. जुन्या बॅटींवर कारखान्यातच खेळाडूची सही छापलेली असे, आणि ती आजोबांनी स्वतः घेतली असे सांगणारी कितीतरी भाबडी घरे आहेत.

उर्दू सहीत आणखी एक गंमत असते. नस्तालीक उजवीकडून डावीकडे, शब्दाच्या शेवटाकडे खाली उतरत जाते. सराईत माणूस आधी शब्दाचे धड लिहून टाकतो, गाफच्या तिरक्या रेघा आणि नुक्ते मग देतो, तेही घाईत, कधी एक नुक्ता अक्षराच्या डोक्यावर न पडता शेजारी पडतो. ज्याला ती लिपी येत नाही तो चित्र काढल्यासारखे एकेक अक्षर नुक्त्यासकट पुरे करीत जातो, आणि त्याचे नुक्ते अगदी जागच्या जागी असतात. देवनागरीतही असेच, आपण शिरोरेघ शेवटी मारतो, आणि सहीत ती कुठेतरी तुटते. मोडी लिहिणारे मात्र ओळ आधी आखून अक्षरे तिला टांगत. लिहिण्याचा क्रम हाताला असतो, डोळ्याला दिसत नाही.

पण यालाही मर्यादा आहे. तुलना करायची तर नमुना हवा, आणि नमुना खरा कशावरून? १९८३ मध्ये जर्मनीत 'श्टेर्न' मासिकाने हिटलरच्या रोजनिशा मिळाल्याचा गाजावाजा केला. हस्ताक्षर तज्ज्ञांनी त्या अस्सल ठरवल्या. पुढे कळले की तुलनेसाठी दिलेल्या कागदांपैकी काही त्याच कोनराड कुयाऊने लिहिलेले होते ज्याने रोजनिशा लिहिल्या. एका हाताशी तोच हात ताडला, आणि जुळला. शेवटी घात केला कागदाने. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेले पांढरे करणारे रसायन होते, जे अतिनील प्रकाशात चमकते. आपल्या दुकानदारांकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तत्त्व तेच. आपल्याकडचे न्यायालयही हस्ताक्षर तज्ज्ञाचे मत ऐकते, पण जपून. १९८० च्या मुरारीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले.

मग खरे ठरवायचे कशावर? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इंग्रजांनी इनाम कमिशनला अधिकार दिले आणि दख्खनभर इनामदारांना आपापल्या सनदा दाखवाव्या लागल्या. त्यात खऱ्या होत्या तशा बनावटही होत्या. कमिशनचा हेतू जमिनी खालसा करण्याचा होता, त्यामुळे त्यांच्या न्यायाबद्दल मला फार आदर नाही, कितीतरी घरे त्यात बुडाली. पण तपासण्याची रीत बघण्यासारखी आहे. शिक्का आणि अक्षर पाहून ते थांबत नसत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या इनामाची नोंद वर्षानुवर्षे चालत आली आहे का, हे पाहत. सनद एका दिवसात बनवता येते, पन्नास वर्षांच्या हिशेबाच्या वह्यांत शिरता येत नाही.

उर्दू-अरबी शिकलेल्या माणसाला इथे 'सनद' या शब्दाचा दुसरा अर्थ आठवल्याशिवाय राहत नाही. हदीसच्या विद्येत मजकूर म्हणजे 'मतन', आणि तो कुणी कुणाकडून ऐकला ती साखळी म्हणजे 'सनद'. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतला एक रावी खोटारडा किंवा विसराळू निघाला, किंवा दोघांची भेटच झाली नसल्याचे दिसले, की ती रिवायत कमजोर. या रावींची चरित्रे तपासायला एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. आमच्याकडे सनद म्हणजे सरकारी कागद आणि तिकडे सनद म्हणजे साक्षीदारांची साखळी. मूळ शब्द एक, अर्थ टेकू, आधार.

बॅटीचे प्रकरण मिटल्यावर पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, आणि या वेळी त्याच्याबरोबर त्याची अम्मी होती. आम्ही तिला खाला म्हणतो. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक वहीचे पान. तिचे वडील, म्हणजे याचे नाना, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १९४४ साली ते मुंबईला नातेवाइकांकडे जाऊन ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्याची फायनल बघून आले होते. ती फायनल जुने लोक अजून सांगतात. हिंदू विरुद्ध मुस्लिम, आणि मुस्लिम संघ एका विकेटने जिंकला, के. सी. इब्राहिम सलामीला येऊन शेवटपर्यंत १३७ वर नाबाद राहिले. संघ धर्मावर पाडण्याची ती रीत वाईटच होती, आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली ते योग्यच झाले. पण खेळ चांगला झाला होता, हेही खरे.

पानावर सहा सह्या होत्या, इंग्रजीत. मुश्ताक अली, के. सी. इब्राहिम, आणखी चार. खाली पाच-सहा ओळी उर्दूत, कारखान्यातल्या माणसाच्या घाईच्या अक्षरात. घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या. खाला चौथीपर्यंत उर्दू शिकली, पण हे गिचमीड अक्षर तिला लागेना, आणि मुलगा तर मराठीचा. एका विकत घेणाऱ्याने पान पाहून भाव फारच कमी सांगितला होता. प्रमाणपत्र नाही, इब्राहिमच्या सहीची शेवटची अक्षरे पेन्सिलीची आहेत म्हणून सही 'खराब', आणि खालचे उर्दू खरडणे कापून टाकले तर फ्रेम बरी दिसेल, असा सल्ला त्याने दिला होता.

मी ती नोंद वाचली. वाचायला अर्धा तास लागला. नानांनी लिहिले होते की मुश्ताक अलींची सही त्यांनी स्वतः गेटवर घेतली, स्वतःच्या पेनाने. इब्राहिम यांचीही स्वतः, पण सही होता होता पेनातली शाई संपली आणि राहिलेली अक्षरे कुणाच्या तरी पेन्सिलीने पुरी झाली. बाकी चार सह्या मामेभावाने आत नेऊन आणल्या. त्या करताना आपण पाहिलेले नाही. खाली तारीख, आणि स्वतःचे नाव.

वाचून झाल्यावर मी भिंग घेतले. इब्राहिमची सही 'आय' पासून दाट आहे, मग शाई विरळ होत जाते, निबाच्या दोन सुकलेल्या ओरखड्यांनंतर पेन्सिल सुरू होते. शाई तपकिरी पडलेली, जुनी निळी-काळी शाई हवा लागून पडते तशी. रेघ वेगाची आहे. नोंदीतली गोष्ट आणि पानावरची गोष्ट एक आहे, आणि ती विकत घेणाऱ्याला खोट वाटली होती.

मुलाने रास्त शंका काढली. "टीचर, नोंदपण कुणी नंतर लिहिलेली असेल तर?" असू शकते. पण सहा सह्या विकायला बसलेला माणूस त्यातल्या चार आपण पाहिल्या नाहीत असे कशाला लिहील? १८७२ च्या पुरावा कायद्यात मयत माणसाने स्वतःच्याच आर्थिक हिताविरुद्ध केलेले विधान पुराव्यात घेण्याची सोय होती, नव्या कायद्यातही ती आहे. त्यामागची अक्कल हीच. ज्याने आपले नुकसान होईल असे सांगितले, त्याच्या बाकीच्या सांगण्याला वजन येते.

माझा निकाल मी त्यांना असा सांगितला. मुश्ताक अली आणि इब्राहिम, या दोन मी खऱ्या मानते. बाकीच्या चार खोट्या म्हणत नाही, पण मामेभावापुढे साखळी तुटते. त्याने आत जाऊन खेळाडूंकडून घेतल्या, की कुणी हौशी माणसाने चौघांच्या मिळून करून दिल्या, कोण सांगणार? संघाच्या कागदांवर दुसऱ्यानेच सह्या करून देण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. मुश्ताक अलींची सही आणखी पडताळायची तर ती त्याच दशकातल्या सहीशी ताडावी. ते २००५ पर्यंत जगले, म्हातारपणीचा हात या पानाला लावून चालणार नाही. इब्राहिम १९५० च्या सुमारास कराचीला गेले आणि २००७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या मुंबईतल्या दिवसांचा नमुना मिळाला तरच तो कामाचा.

मुलाचा चेहरा पडला, सहाच्या दोन झाल्या म्हणून. मग मी त्याला आपल्या पुण्यातलेच उदाहरण दिले. सहकारनगरमध्ये 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' नावाचे क्रिकेटचे संग्रहालय आहे, २०१२ मध्ये सुरू झालेले. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, पाकिस्तानचा अझहर अली याने मदतनिधीसाठी आपल्या दोन वस्तू लिलावात काढल्या. एक बॅट, जिने त्याने २०१६ मध्ये दुबईत वेस्ट इंडीजविरुद्ध दिवसरात्र कसोटीत नाबाद ३०२ केले, आणि २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाचा टी-शर्ट, त्या संघाच्या सह्या असलेला. तो करंडक त्यांनी आपल्यालाच हरवून जिंकला होता, विसरलेलो नाही. टी-शर्ट अमेरिकेत गेला. बॅट या पुण्याच्या संग्रहालयाने पाकिस्तानी दहा लाख रुपयांना घेतली. त्या बॅटीला तज्ज्ञ कशाला हवा? ज्याने धावा काढल्या त्यानेच सगळ्यांसमोर सांगितले की ही ती बॅट, आणि ती कुणाला दिली हेही जाहीर झाले. साखळीत दोनच कड्या. किंमत लाकडाइतकीच त्या दोन कड्यांची आहे. नानांच्या पानावरच्या दोन सह्यांना तशीच छोटी साखळी आहे, आणि ती त्या खरडलेल्या ओळींत आहे. त्या कापल्या की सहाही सह्या सारख्याच अनाथ.

जतन कसे करायचे ते सांगितले. लॅमिनेशन अजिबात नाही, चिकटपट्टी नाही, उन्हाच्या भिंतीवर फ्रेम नाही. पान आधी पीव्हीसीच्या पिशवीतून काढा आणि आम्लविरहित कागदात सपाट ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नोंदीसकट. विकायचे की नाही ते तुम्ही ठरवा. विकायचे झाले तर अख्खे पान विका, आणि घेणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. त्याला हे लगेच पटले, तो रोज बॅच रेकॉर्ड भरतो.

मग एका वेगळ्या कागदावर मी नोंदीचा उर्दू मजकूर नीट उतरवला, खाली मराठी अर्थ लिहिला, जिथे एक शब्द लागला नाही तिथे 'अस्पष्ट' असे लिहिले. खालाला विचारले की वडिलांकडून या पानाबद्दल तुम्ही स्वतः काय ऐकले? पेन्सिलीचा किस्सा ती सांगू शकली, पेन्सिल एका हवालदाराची होती म्हणाली, हे नोंदीत नव्हते. तेही वेगळे लिहिले, 'मुलीने सांगितल्यावरून' असे वर घालून. मुलाने तारीख टाकून मराठीत सही केली. खालाने पेन हातात घेऊन विचारले, "उर्दूत करू का?" बँकेत ती मराठीत करते. करा म्हटले. तिने सावकाश नाव लिहिले, मग पेन उचलून नुक्ते दिले, एक जरा बाजूला पडला.